खालच्या टाकीचा दिवा

कपाटाचं दार उघडलं आणि सिताराला आत एक हात दिसला.

हात पुरुषाचा होता. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ, अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग, आणि दोन बोटं — चक्क दोन बोटं! — तिच्या टायमरचं चक्र सावकाश फिरवत होती. हाताचा मालक कपाटाच्या पलीकडच्या दाराशी उकिडवा बसला असावा, कारण इकडून त्याचं कोपरापर्यंतच दर्शन होत होतं. सिताराला तेवढं पुरलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हात बाहेर काढा,” ती म्हणाली.

हात दचकला. पण बाहेर आला नाही.

“अर्धं मिनिट,” पलीकडून आवाज आला. शांत, थोडासा घोगरा. “एवढं एक घर सरकवलं की...”

“घर सरकवायला हे तुमचं घर आहे का? हात बाहेर काढा म्हणते ना! नाहीतर दार लावून घेईन.”

“लावा. पण हलकेच... मला याच हातानं जेवायचं असतं.”

आता हा दवाखाना कुणाचा, कपाट कुणाचं, आणि एका टायमरवरून एवढा संताप कशासाठी, हे सांगायला हवं. सदाशिव पेठेत डॉक्टर गोपाळकृष्ण पेंडशांचा लहान मुलांच्या दातांचा दवाखाना. त्याच्या बाहेरच्या खोलीत, बाकांसमोर, खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले चार मासे तिच्यात फिरायचे आणि दाढ दुखणारी पोरं रडायचं विसरून त्यांच्याकडे बघत बसायची. त्या टाकीखाली लाकडी कपाट, कपाटात दुसरी छोटी टाकी, आणि त्या छोट्या टाकीत सिताराचा जीव: समुद्री शेवाळ. हिरव्या द्राक्षांचे बारीक घड असावेत तसं दिसणारं. वरच्या माशांची घाण पाण्यातून खाली यायची, शेवाळ ती खाऊन टाकायचं, आणि स्वच्छ पाणी पंपानं पुन्हा वर जायचं.

सितारा अत्तारनं शेवाळावरच एम.एस्सी. केलं होतं. कॉलेजातली तासांवरची नोकरी सोडून तिनं अशा टाक्या सांभाळायचं काम सुरू केलं होतं. टाक्या म्हणजे सध्या एकच. ही. आणि गेल्या महिन्यात हिच्या पाण्याला वास आला तेव्हा डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले होते, “मुलांचं लक्ष दाढेवरून उडावं म्हणून मी ही टाकी ठेवली, माझं लक्ष दाढेवरून उडावं म्हणून नाही. पुन्हा असं झालं तर टाकी उचलायची.” पेंडशांच्या तोंडून निघालेला शब्द आणि त्यांच्या चिमट्यानं निघालेला दात, दोन्ही परत जात नसत. ही टाकी गेली की सिताराचं काम गेलं, हे तिला दिवसातून दहा वेळा आठवायचं.

आणि घडांची टोकं महिनाभर पांढरी पडत होती. तिनं पाणी तपासलं, मीठ तपासलं, पंप उघडून पाहिला. कारण सापडत नव्हतं. ती दर शुक्रवारी दुपारी, एक ते चार दवाखाना बंद असताना यायची. आज दुपारी एका लग्नाला जायचं म्हणून सकाळीच साडेआठला आली, तर कारण कोपरापर्यंत कपाटात शिरलेलं सापडलं.

हात बाहेर आला. मग त्याचा मालकही उठला. उंच, सावळा, तिशीच्या आतला, शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला.

“अमीन बागवान,” तो म्हणाला. “इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बघतो. त्या या बाजूला असतात.”

“मग त्या बाजूलाच बघा ना! टायमरला हात लावायचं कारण?”

“अहो, तेच सांगतोय. गुरुवारी...”

“गुरुवारी काय आणि शुक्रवारी काय! तुम्हाला माहीत आहे का हा दिवा कशासाठी आहे?”

“नाही,” तो म्हणाला. आणि खरोखरच ऐकायला उभा राहिला. हेच चुकलं. समोरचा ऐकायला लागला की सिताराच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे.

“वरच्या टाकीचा दिवा सकाळी आठ ते रात्री आठ. तो विजयमालाबाई लावतात आणि बंद करतात. खालचा दिवा टायमरवर, रात्री आठ ते सकाळी आठ. उलटा. मुद्दाम उलटा! शेवाळ उजेडातच जेवतं. रात्री वर अंधार झाला की पाण्याचा आंबटपणा वाढतो, माशांना त्रास होतो. नेमक्या त्याच वेळी खाली उजेड असला तर शेवाळ पाणी सावरून धरतं. ही वेळ ठरवायला मला चार महिने लागले. दहा तास देऊन पाहिले, चौदा देऊन पाहिले. आणि तुम्ही दोन बोटांनी...”

“म्हणजे खालच्यांना कायमची रात्रपाळी.”

“काय?”

“माझे अब्बा तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्यांची पाळी बदलली की आठवडाभर घरात कुणाला धड झोप नसायची.” तो वाकून शेवाळाकडे बघत होता. “यांचीही बदलत असेल. म्हणून पांढरे पडत असतील बिचारे.”

“बदलतेय ना! तुम्ही बदलताय!”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत हसू होतं की दया, हे तिला ठरवता येईना, आणि दोन्हींचा तिला सारखाच राग आला. “बरं,” तो म्हणाला, “नाही लावणार हात.” आणि बॅटरीत पाणी भरायला बसला.

त्याचं गुरुवारचं वाक्य अर्धंच राहिलं. तिनं ते पुन्हा विचारलं नाही.

*

पहारा ठेवायचा म्हणून सितारा आता शुक्रवारी सकाळी येऊ लागली. साडेनऊला. तिला वाटे, चोर रंगेहाथ सापडेल. पण तो दर वेळी आपला बॅटरीची झाकणं हातात घेऊन बसलेला असायचा, आणि टायमर अगदी जागच्या जागी. निर्दोष माणसावर रागावणं किती जड जातं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

“आज काही सरकवलं नाहीत वाटतं?”

“तुमची भीती वाटते.”

“वाटायलाच हवी.”

“वाटतेच. रात्रपाळीच्या माणसालाही स्वप्नं पडतात, माहितीये? दार लावून घेईन म्हणणारी...”

“मला तुमच्या स्वप्नांत ओढू नका!”

स्वागताच्या टेबलामागे बसलेल्या विजयमालाबाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, “भांडण बाहेर जाऊन करा. आत पोराची दाढ काढतायत, त्याला वाटेल त्याच्यासाठीच चाललंय.”

म्हणून मग भांडण बाहेर, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात गेलं. जानेवारीची कोवळी उन्हं, रस्त्यावर केबलसाठी उकरून ठेवलेला लांबलचक चर, त्याच्यावर टाकलेली फळी. फळी ओलांडताना त्यानं हात पुढे केला. तिनं तो न घेता उडी मारली, आणि मग चहा पिताना उगाचच त्या हाताकडे बघत राहिली. हा राग कुठून कुठे चाललाय, असा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं!

“ही द्राक्षं खातात का हो?” पुढच्या शुक्रवारी त्यानं विचारलं.

“काही देशांत खातात. पण ती...”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं काढून ठेवलेल्या छाटणीतला एक मणी तोंडात टाकला. मणी फुटल्याचा बारीक आवाज आला. त्याचा चेहरा आधी आश्चर्यानं उजळला, मग वाकडा झाला.

“अहो! माशांचं पाणी आहे ते!”

“आमच्या चुलत्यांचा मंडईत द्राक्षांचा गाळा आहे,” तो डोळे पुसत म्हणाला. “बागवानाच्या सात पिढ्यांत कुणी एवढं खारट द्राक्ष विकलं नसेल.”

ती हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली. आणि हसता हसता ओंजळ तोंडावर धरली तेव्हा त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. मिठाच्या पाण्यानं तिची बोटं उललेली असायची. सांध्यांवर बारीक भेगा. तिनं हात ओढणीत लपवले.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्यानं कागदात गुंडाळलेले रबरी हातमोजे तिच्यासमोर ठेवले. “बॅटरीच्या कामाचे. पण लहान माप. तीन दुकानं हिंडलो.”

“माझ्या हाताचं माप तुम्हाला काय माहीत?”

“चार शुक्रवार बघतोय.”

“बॅटऱ्या बघायच्या सोडून?”

“बॅटऱ्या पळून जात नाहीत...”

हातमोजे बरोबर बसले. एका बोटालाही ढिले नाहीत की आवळ नाहीत. ती घरी गुरुवार पेठेत पोचेपर्यंत याच एका गोष्टीवर धुसफुसत होती. एखाद्यानं न विचारता आपलं माप घ्यावं म्हणजे काय! आणि ते चुकूही नये!

घडांची टोकं अजून पांढरीच पडत होती, पण पूर्वीइतकी नाही. वास नव्हता. तिला वाटलं, पहाऱ्याचा गुण आला.

*

सहाव्या शुक्रवारी सितारा सकाळी सव्वाआठलाच निघून आली. डब्यात अम्मीनं केलेल्या नानकटाया होत्या. त्या कुणासाठी आहेत हे तिनं अम्मीला सांगितलं नव्हतं. ओढणी दोनदा बदलली होती. अमीनला चकित करावं, असं काहीसं मनात होतं.

ती पाऊल न वाजवता आत गेली. कपाटाचं दार उघडं होतं. आणि त्याची दोन बोटं टायमरच्या चक्रावर होती.

राग म्हणजे काय ते सिताराला त्या क्षणी कळलं. पहिल्या दिवशीचा राग हा रागच नव्हता. तो नुसता परक्या माणसावरचा होता. आताचा तसा नव्हता. म्हणजे दर शुक्रवारी हेच! ती यायच्या आत. आणि मग साळसूदपणे झाकणं हातात धरून बसायचं, चहा पाजायचा, हातमोजे आणायचे...

“सितारा,” तो उठला. नुसतं नाव. पहिल्यांदाच. “ऐकून तर घ्या.”

“काय ऐकू? शब्द दिला होतात तुम्ही!”

“दिला होता. पण ते चक्र...”

“चक्र माझं आहे! शेवाळ माझं आहे! ही टाकी गेली तर तुमचं काय जातं? तुमच्या बॅटऱ्या सतरा ठिकाणी आहेत. माझं हे एकच आहे, एकच, आणि तुम्हाला ते खेळणं वाटलं?”

त्याचा चेहरा उतरला. तो काहीतरी बोलणार होता, पण ती डॉक्टरांच्या खोलीकडे निघालीसुद्धा होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी हातमोजा काढला, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “बॅटरीत पाणी घालणारी माणसं पुण्यात पुष्कळ आहेत. बागवानांना सांग, उद्यापासून तसदी घेऊ नका.”

अमीननं बॅटरीची झाकणं लावली. पिशवी उचलली, विजयमालाबाईंना नमस्कार केला आणि फळी ओलांडून निघून गेला. सितारानं चक्राची वेळ घड्याळाशी जुळते हे पाहून टायमरवर एक काळा प्लॅस्टिकचा डबा बसवला, त्याला छोटं कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. नानकटाया टेबलावर राहिल्या. विजयमालाबाईंनी त्यातली एक खाल्ली आणि म्हणाल्या, “चांगल्या झाल्यात. कुणासाठी होत्या?”

“कुणासाठी नव्हत्या!” सितारा म्हणाली, आणि जिन्यात येऊन रडली. रडण्याचाही तिला राग आला.

सकाळी यायचं आता काही कारण नव्हतं. पुढच्या शुक्रवारी ती पूर्वीसारखी दुपारी अडीचला आली. खालचा दिवा बंद होता. म्हणजे सगळं वेळेवर होतं. बघा! तिनं समाधान मानायचा प्रयत्न केला. पलीकडच्या दारापाशी नवा माणूस बॅटऱ्यांत पाणी घालून गेला होता आणि फरशीवर डाग पाडून गेला होता. तिनं तो डाग पुसला, जरा जास्तच वेळ.

*

त्याच्या पुढच्या शुक्रवारी सकाळी साडेआठला विजयमालाबाईंचा फोन आला. “अगं, टाकीत कुणी दूध ओतलंय का?”

सितारा धावत आली. पाणी पांढरं झालं होतं, पातळ ताकासारखं. खालच्या टाकीतले घड रंग उडून काचेसारखे झाले होते. एका रात्रीत सगळ्यांनी आपलं आतलं पाण्यात सोडून दिलं होतं. शेवाळाची वेळ फार बिघडली की ते असं करतं, मरताना बीज सोडतं, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. वर चारही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते. आणि वास. तोच वास.

तिनं कुलूप काढलं, डबा उचलला.

सकाळचे नऊ वाजले होते. टायमरचं चक्र रात्रीचे नऊ दाखवत होतं.

बरोबर बारा तास मागे. कुलपात. कुणीही हात न लावता.

ती चक्राकडे बघत राहिली. बाहेर केबलचा चर होता. केबलच्या कामासाठी गेले तीन महिने दर गुरुवारी दहा ते चार वीज बंद असायची. पंप इन्व्हर्टरवर होता, तो चालू राहायचा. टायमर साध्या सॉकेटला. वीज गेली की चक्र थांबायचं, आली की थांबलं होतं तिथूनच पुढे चालायचं. एका गुरुवारी सहा तास मागे. दोन गुरुवारी बारा. गेल्या शुक्रवारी अडीचला तिनं बंद पाहिलेला दिवा आठला नाही, अर्धाच तास आधी बंद झाला होता. आणि काल रात्री वर अंधार, खालीही अंधार.

दर शुक्रवारी सकाळी कुणीतरी ते सहा तास गुपचूप परत जागेवर आणून ठेवत होतं. दोन बोटांनी.

तिनं फोन लावला. “गुरुवार!” ती ओरडली. “तुम्हाला माहीत होतं!”

“हो,” अमीन म्हणाला.

“मग सांगितलं का नाहीत?”

“पहिल्या दिवशी ‘गुरुवारी’ एवढं बोलून झालं होतं. सितारा... काय झालंय?”

“सगळं पांढरं झालंय,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. “मासे वर आलेत. घरी मिठाच्या पाण्याचे चार कॅन भरून ठेवलेत, पण मला इथून हलता येत नाही...”

“पत्ता सांगा.”

पाऊण तासात तो कॅन घेऊन आला. दोन स्कूटरवर पुढे, दोन मागे बांधलेले. “तुमचे अब्बा दुकानातून उठून कॅन उचलू लागले. कोण म्हणून विचारलं. म्हटलं, इन्व्हर्टरवाला. म्हणाले, ‘तोच का तो नालायक?’ म्हटलं, हो, तोच.”

तिला हसू आलं नाही. दोघं बादल्या भरू लागले. जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं, मेलेले घड वेचून बाहेर टाकायचे. तिच्या हातात तेच हातमोजे होते. त्यानं ते पाहिलं. तासाभरानं मासे एकेक करून खाली उतरले. त्या सगळ्या पांढऱ्या चिखलात तळाशी एकच झुबका हिरवा राहिला होता, मूठभर.

“पहिल्या दिवशी मी बोलू दिलं नाही. कबूल,” ती बादली आपटत म्हणाली. “पण नंतर? चार शुक्रवार माझ्यासमोर बसून चहा प्यायलात. तेव्हा दातखीळ बसली होती?”

तो फडकं पिळत राहिला.

“सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर तुम्ही शुक्रवारी सकाळी आला नसता. तुम्ही पहाऱ्यासाठी येत होतात. चोर नाही म्हटल्यावर पहारा कशाला...”

सितारानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या गालांवर रक्त चढलं.

“म्हणजे तुम्हाला मला बघायला मिळावं म्हणून माझं शेवाळ मेलं?”

“मरू देणार नव्हतो. दर शुक्रवारी लावत होतो ना. तुम्ही कुलूप घालाल असं वाटलं नव्हतं.”

“हे प्रेम आहे की मूर्खपणा?”

“दोन्ही,” अमीन म्हणाला. “आधी मूर्खपणा वाटला होता. मग दुसरं कळलं.”

तिनं हातातलं ओलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. ते त्याच्या छातीला चिकटलं आणि त्यानं ते काढलंही नाही. तेवढ्यात डॉक्टर आत आले.

त्यांनी पाणी पाहिलं, नाक मुरडलं, आणि अमीनला पाहून त्यांच्या भुवया वर चढल्या. “बागवान? काढून टाकल्यावरही तुमचे उद्योग चालूच आहेत वाटतं. सितारा, यात तुझा दोष नाही. यांनीच काहीतरी करून ठेवलंय. टाकी राहू दे. यांना मात्र पुन्हा या दारात उभं करू नकोस.”

टाकी राहू दे. ते तीन शब्द. सिताराच्या कानात ते घुमले.

“हो डॉक्टर,” अमीन म्हणाला. “माझंच चुकलं. टाकीवर राग काढू नका.”

तो खाली बघत होता. अंगावर फडकं तसंच. खारट पाणी शर्टावरून टपकत होतं. सितारानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या संतापाला सीमा राहिली नाही.

“तुम्हाला कुणी सांगितलं?” ती म्हणाली. “माझी चूक तुमच्या नावावर घ्यायला कुणी सांगितलं?”

“सितारा, गप्प बसा,” तो हळूच म्हणाला. “टाकी जाईल.”

“जाऊ दे! डॉक्टर, वीज गेली की हा टायमर थांबतो. हे मला कळायला हवं होतं. आम्ही गुरुवार पेठेत राहतो आणि मला गुरुवार दिसला नाही. हे दर शुक्रवारी येऊन माझी चूक दुरुस्त करत होते आणि मी यांच्यावरच तक्रार केली. यांचं काम माझ्यामुळे गेलं. त्यांचं एवढंच चुकलं की सांगितलं नाही. बाकी सगळं माझं आहे. टाकी, टायमर, कुलूप, वास. सगळं.”

विजयमालाबाईंनी पेन खाली ठेवलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “म्हणजे तुझ्या सांगण्यावरून मी एका सरळ माणसाला बाहेर काढलं.” आवाज थंड होता. “बागवान, मी माफी मागतो. शुक्रवारपासून या. सितारा, तू खरं बोललीस, त्याबद्दल मला आदर आहे. पण मी दिलेला शब्द आदरानं बदलत नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत टाकी उचल.”

आणि ते हात धुवायला आत गेले.

सितारा उभी राहिली. रडली नाही. जे हरायचं ते हरून झालं होतं, आणि तरी मान ताठ होती. हे असं कसं, तिलाच कळेना.

“कुठे न्याल?” अमीननं विचारलं.

“आमच्याकडे दोन खोल्यांत सात माणसं आहेत. जागा नाही. मासे कुणालातरी देईन.”

“आमच्या बाहेरच्या खोलीत दिवाण आहे,” तो म्हणाला. “त्याच्यावर कुणी बसत नाही. टाकी बसेल.”

*

रविवारी टेम्पोतून टाकी खडकी बाजारातल्या बागवानांच्या घरी आली. दिवाण गच्चीवर गेला. अमीनच्या अम्मी अख्तरबानू पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि चार मासे, सोळा बादल्या पाणी आणि एक संतापलेली मुलगी घरात येताना बघत राहिल्या.

“किती दिवसांसाठी गं हे, बेटा?”

“खाला, ही टाकी पुन्हा हलवली तर टिकायची नाही,” सितारा म्हणाली. “एकदा हलवली हेच फार झालं.”

“म्हणजे कायमचीच म्हण की,” अख्तरबानू म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

हिरवा झुबका खालच्या टाकीत पाण्यात हळूहळू उलगडत होता. अमीननं नवा टायमर आणला होता, आत स्वतःचा सेल असलेला. वीज गेली तरी वेळ धरून ठेवणारा. तो गुडघ्यांवर बसून बटणं दाबत होता.

“किती तास लावू?”

“पहिले पंधरा दिवस चोवीस तास. अंधारच नको. ते घाबरलंय, आता जराही अंधार पडला तर तेही पांढरं होईल.”

“आणि नंतर?”

“नंतर रोज एकेक तास कमी करायचा. रोज रंग बघायचा, टोकं बघायची. मग पुन्हा उलटी वेळ. रात्री आठ ते सकाळी आठ.”

“म्हणजे रोज सकाळी बघायचं आणि रोज रात्रीही.”

“हो.”

“मला तो रंग कळत नाही.”

“तुम्हाला द्राक्षंही कळत नाहीत.”

“मग तुम्ही गुरुवार पेठेतून रोज दोनदा खडकीला येणार?”

“नाही.”

“मग...?”

“मग काय, मग!” सितारा उसळली. डोळ्यांत पाणी आणि आवाजात आग. “सगळं मीच बोलायचं का? डॉक्टरांसमोर मी बोलले, घरी अब्बांसमोर मी बोलले. तुम्ही एक साधी गोष्ट सांगायला चार शुक्रवार घालवलेत आणि माझं अख्खं शेवाळ गेलं. आता ही दुसरीही न सांगता ठेवणार आहात? ठेवा! बसा झाकणं हातात धरून!”

अमीननं टायमर खाली ठेवला. उठला. त्याचे हात ओले होते. ते त्यानं शर्टाला पुसले, आणि मग तिचे हात धरले, भेगा पडलेले, मिठानं खरखरीत.

“सितारा,” तो म्हणाला, “इथेच राहाल? माझ्याबरोबर... कायमच्या?”

ती त्याच्याकडे रागानंच बघत होती. हात मात्र तिनं सोडवून घेतले नाहीत.

“एवढंच होतं ना?” ती म्हणाली. “एवढंच तर होतं... हो. राहीन.”

आतून कपबशा वाजल्या. मग अख्तरबानूंचा आवाज आला, अगदी सहज, साखर हवी का विचारावं तसा.

“बेटा, तुझे अब्बा दुकानात किती वाजेपर्यंत असतात?”

सितारानं हात झटकन मागे घेतले. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “साडेसातपर्यंत,” ती म्हणाली.

“मग चहा लवकर प्या,” अख्तरबानू म्हणाल्या. “मला साडी बदलायला वेळ लागतो.”